माशाचा मधला तुकडा कोणाच्या ताटात?

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. नवरा ट्रॉलरवर खलाशी, त्यामुळे वर्षातला बराचसा काळ घरात ती, दोन मुलं आणि सासूबाई. ती काजू कारखान्यात बी फोडायला जाते, मजुरी किलोवर. मुलं शाळेतून आली की ती परतेपर्यंत मुलगी भावाला सांभाळते. घरात मोबाइल एक, सायकल एक, पंख्याची खोली एक. भांडण सकाळी दात घासण्यापासून सुरू होतं ते रात्री उशीपर्यंत. शेजारणी सांगतात, सुट्टीत शिबिराला घाल, कुठेतरी फिरवून आण, हप्त्यावर टॅब घे म्हणजे दोघं एकमेकांच्या वाटेला जाणार नाहीत. तेवढे पैसे नाहीत. परवा धाकटा बहिणीला म्हणाला, "ह्यां घर माझां, तुका भायर काढतलंय." ते ऐकून आईची झोप उडाली. शेवटी जाता जाता तिने लिहिलंय की पडवीच्या वाटणीवरून दिराशी बोलणं बंद आहे, गेल्या वर्षी गणपतीला ते आलेच नाहीत. पैसे न घालता ह्या दोघांचं नातं सुधारता येईल का, असं तिला विचारायचंय.

ताई, येईल. ह्या कामात पैसा फारसा लागत नाही, आणि कधीकधी असलेला पैसाच नडतो. दोन टॅब आले की घरातला आरडाओरडा कमी होतो हे खरं, पण बोलणंही कमी होतं. मी शाळांमधून मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. भांडणारी भावंडं घेऊन येणारे आईबाप पुष्कळ भेटतात. एकमेकांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या भावंडांचे आईबाप मात्र येत नाहीत, कारण त्यांचं घर शांत असतं. मला त्या घरांची काळजी जास्त वाटते.

म्हणून आधी एक करा, भांडणं मोजणं सोडा. दहा आणि सहा वर्षांची मुलं एका खोलीत राहतात तर भांडणारच. त्यापेक्षा हे बघा की दिवसातून एकदा तरी दोघं मिळून हसतात का, एखादी गोष्ट आईपासून लपवून दोघांनी मिळून केली असं कधी होतं का. होत असेल तर पाया शाबूत आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लॉरी क्रेमर यांनी भावंडांच्या नात्यावर बरीच वर्षं काम केलंय. भांडण थांबलं म्हणून प्रेम आपोआप वाढत नाही, बरोबर असण्यातली मजा वेगळी घडवावी लागते, असा त्यांच्या कामाचा रोख आहे. आपण आईबाप मात्र सगळी शक्ती पहिल्या कामात घालवतो. दिवसभर "गप बसा" म्हणतो, आणि दोघं गप बसून काही छान खेळत असतील तेव्हा आपण निश्चिंत होऊन भांडी घासायला जातो. त्याच वेळी दोन मिनिटं तिथे थांबा. काही बोलू नका, नुसतं बघा. मुलांना ते कळतं.

आता तुमच्या मुलीबद्दल. तुमचं लिहिणं वाचताना मला सगळ्यात जास्त तीच दिसली. शाळेतून येते, दप्तर टाकते, भावाला खायला देते, आजीला पाणी देते, तो विहिरीकडे जाणार नाही ह्यावर लक्ष ठेवते, आणि तुम्ही कारखान्यातून आलात की पहिला प्रश्न तिला येतो: "तो का रडतोय?" दहा वर्षांच्या पोरीला तुम्ही आईचं काम दिलंय, आईचा अधिकार दिलेला नाही. मग ती हात उचलते, कारण ऐकवून घ्यायला तिच्याकडे दुसरं काहीच नाही. त्याला वाटतं ही कोण मला मारणारी? दोघांचंही बरोबर आहे.

कारखाना सोडा असं मी म्हणणार नाही. कोकणात मोठ्या मुलीने धाकट्याला कडेवर घेऊन वाढवायची रीत जुनी आहे आणि त्यात वाईट असं काही नाही, कितीतरी बहीण-भावांची माया त्यातूनच आलेली असते. फक्त कामाची हद्द आखून द्या. दोघांना समोर बसवून सांगा की मी नसताना दोनच गोष्टींत ताईचा शब्द शेवटचा: विहीर आणि चूल. आडाळो (विळी), कोयता, रस्त्यावर सायकल हे सगळं त्यातच धरा. बाकी तो शर्ट बदलत नाही, अभ्यासाला बसत नाही, खाऊ सांडतो, ही तिची डोकेदुखी नाही. ती तुम्ही आल्यावर तुमची. आणि तुम्ही आलात की तिची ड्यूटी संपली हे तोंडाने म्हणा. त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास तिला कोणी हाक मारायची नाही, ती शेजारच्या मैत्रिणीकडे जाऊ दे, नाहीतर ओट्यावर पाय पसरून बसू दे. आणि दारात पाऊल टाकताच त्याच्या रडण्याची चौकशी करण्याऐवजी आधी तिला विचारा, "तुझा दिवस कसा गेला?" एवढ्या एका बदलाने घरातली हवा पंधरवड्यात निवळल्याचं मी पाहिलंय. सगळीकडे निवळेल असं नाही, पण करून बघायला खर्च काय आहे?

मग सासूबाई. नातवाचा कैवार घेतात असं तुम्ही लिहिलंय, आणि एक वाक्य असंही लिहिलंय की बांगडा असला की मधला तुकडा त्याला, डोकं-शेपटी पोरीला. ताई, मला हे वाक्य सगळ्या भांडणांच्या यादीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पोरगी मोबाइलसाठी भांडते तेव्हा ती मोबाइलसाठीच भांडत असेल असं नाही. तिने दुपारी ताट बघितलेलं असतं.

मुलं एवढी हुशार असतात की फरक कुठला योग्य आणि कुठला अन्यायाचा हे त्यांना नीट कळतं. धाकट्याला काटे काढून द्यावे लागतात, तिला नाही, ह्यावर कुठलीच बहीण रुसत नाही. त्याला ताप आला म्हणून त्याला पेज आणि लोणचं वेगळं, ह्यावरही नाही. गरजेपोटी केलेला फरक मुलं समजून घेतात, फक्त तो का केला हे कोणीतरी सांगायला लागतं. मुलगा म्हणून केलेला फरक मात्र त्यांच्या मनात राहतो, आणि राग आजीवर न निघता भावावर निघतो, कारण भाऊ हाताशी असतो.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनी स्वतः आयुष्यभर शेपटीच खाल्लेली असणार. वाढायचं काम मुलांकडे द्या. एक दिवस ती वाढेल आणि तो आधी ताट निवडेल, दुसऱ्या दिवशी उलट. ज्याने वाटे केले त्याला शेवटी मिळणार हे ठाऊक असलं की तुकडे अगदी सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखे सारखे होतात. फणसाचे गरे, भाजलेल्या आठळ्या, खाजं, जत्रेतून आणलेले लाडू, सगळ्याला हाच नियम. आजीलाही वाट्यात धरा. नात आजीला मधला तुकडा वाढेल त्या दिवशी सासूबाई काय बोलतात ते बघा.

मोबाइलचं सांगते. मिनिटं मोजून पाळी लावू नका, त्यात तुमचाच वेळ जातो. तारखेप्रमाणे लावा. विषम तारीख तिची, सम तारीख त्याची. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सहा वर्षांचं मूलही बोट दाखवून सांगू शकतं, तुम्हाला पंच व्हावं लागत नाही. ज्याची तारीख त्याने त्या संध्याकाळी काय लावायचं ते ठरवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून बघायचं किंवा उठून जायचं. नावं ठेवायची नाहीत. एकतीस तारखेच्या महिन्यानंतर लागोपाठ दोन विषम तारखा येतात, तिथे धाकटा पहिल्याच महिन्यात बोंब मारेल. ती एकतीस तारीख तुमची ठेवा, त्या दिवशी बाबांना व्हिडिओ कॉल आणि बाकी मोबाइल बंद. शाळेचा अभ्यास ह्या हिशोबाच्या बाहेर. पण "अभ्यास" म्हणून काय चाललंय ते अधूनमधून डोकावून बघा, कारण दहाव्या वर्षी मुलं वकील असतात.

सायकलला मात्र तारखा चालत नाहीत. तिथे फेरी मोजा: पिंपळापर्यंत जाऊन परत, म्हणजे एक.

सगळंच सामायिक ठेवू नका, ही चूक गरिबीच्या घरात नकळत होते. जागा एक, कपाट एक, म्हणून सगळं दोघांचं. मोठ्या मुलीला आता काहीतरी फक्त तिचं लागणार आहे, आणि दोन वर्षांनी जास्तच लागेल. घरात जुनी पत्र्याची पेटी असेलच, चाकरमान्यांच्या घरात माळ्यावर एखादी असतेच. ती पुसून तिला द्या, बारकं कुलूप द्या, चावी तिच्या गळ्यात. त्याच्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दुसऱ्याच्या पेटीला हात लावायचा नाही, आईनेसुद्धा नाही. आईनेसुद्धा, हे महत्त्वाचं. स्वतःची चीज सुरक्षित आहे हे कळलेलं मूल वाटून घ्यायला लवकर तयार होतं.

आता खेळाकडे येते, कारण मघाशी म्हटलं ती मजा इथे घडते. शिबिरात पैसे भरून जे शिकवतात त्यातलं बरंचसं तुमच्या खळ्यात आणि परसात पडलेलं आहे. पोफळीची विरी, म्हणजे झावळाच्या बुडाचा रुंद भाग, घ्या. वाळून गळून पडते ती, एकाने तिच्यावर बसायचं, झावळाचा देठ घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने ओढायचं. मला हा खेळ भावंडांसाठी फार आवडतो, कारण तो एकट्याला खेळताच येत नाही. ओढणारा थांबला की बसणाऱ्याची मजा संपली, बसणाऱ्याने धरलं नाही की ओढणाऱ्याच्या हातात नुसती विरी. दहा वर्षांची सहा वर्षांच्याला सहज ओढते, पण तो तिला ओढू शकत नाही, तेव्हा तो आजूबाजूची दोन पोरं गोळा करून आणतो आणि तिला राणीसारखी ओढून नेतात. बहिणीसाठी काहीतरी करता आलं ह्याचा त्याच्या चेहऱ्यावरचा रुबाब बघण्यासारखा असतो.

गजगे, म्हणजे सागरगोटे, समुद्राकाठच्या काटेरी झुडपांत फुकट मिळतात, फक्त शेंगा काढताना हात सांभाळा. सागरगोट्यांत ती जिंकणार आणि तो डाव उधळणार, हे ठरलेलंच. म्हणून त्याला कच्चा लिंबू करा: दोन हातांनी झेललं तरी चालेल, एक खडा जमिनीवर पडला तरी बाद नाही. पोरं गल्लीत हे एकमेकांना आपणहून करतात, घरात मात्र आपण मोठीला सांगतो "मुद्दाम हर". तिला मुद्दाम हरायला लावू नका, तिला खोटं वागल्यासारखं वाटतं आणि तो दोन दिवसांत ओळखतो. नियमात सूट द्या, खेळ खरा ठेवा. काजूच्या हंगामात बिया मांडून मोठ्या बीने उडवायचा डाव आहे, तिथेही त्याला दोन पावलं पुढून मारू द्या.

आणि दशावतार. ह्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. कार्तिकानंतर आपल्याकडे गावोगाव जत्रा सुरू होतात, रात्रभर देवळासमोर नाटक, तिकीट नाही. तुमच्या भागात मुलाला संकासुर ठाऊक नाही असं होणार नाही. काळा वेष, मालवणी बोलणं, ब्राह्मणाची आणि सगळ्यांची खोडी काढणं, आणि शेवटी विष्णूच्या हातून मार. ह्या नाटकाची संहिता कागदावर नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात. म्हणजे मुलांनाही पाठांतर नाही. जत्रेहून आल्यावर दोघांना म्हणा, आम्हाला करून दाखवा. आजी प्रेक्षक, तुम्ही प्रेक्षक, पेटीऐवजी डबा, झांजेऐवजी दोन वाट्या, साडीचा पडदा.

यात एकच गोष्ट तुम्ही करा. पहिल्या दिवशी ती आपोआप विष्णू होईल आणि त्याला संकासुर करून बदडून घेईल. दुसऱ्या दिवशी उलटं करायला सांगा. घरात कायम छोटा, कायम ऐकून घेणारा मुलगा गदा घेऊन उभा राहतो, आणि कायम शहाणी, कायम जबाबदार असलेली मुलगी तोंडाला काजळ फासून वेड्यासारखी नाचते. मुलीला ह्याची गरज मुलापेक्षा जास्त आहे. शहाणपणाची सुट्टी तिला दुसरीकडे कुठे मिळणार? दोघांचं काय बोलायचं, कोणी कधी पडायचं, पडदा कोणी ओढायचा, ह्यावरून भांडण होईलच. होऊ दे. ते भांडण एकमेकांविरुद्ध असतं खरं, पण नाटक चांगलं व्हावं म्हणून असतं. मध्ये पडू नका. नाटक झाल्यावर टाळ्या मात्र दोघांना एकदम द्या, "हिचं छान, त्याचं त्याहून छान" अशी तुलना नको.

खरं भांडण झालं की काय करायचं? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात हिल्डी रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर काम केलंय. त्यांनी आयांना मध्यस्थी शिकवली. मुलं पाच ते दहा वर्षांची, म्हणजे थेट तुमच्या घरातलीच वयं. आईने निकाल द्यायचा नाही, बोलणं फक्त नीट घडवून आणायचं. त्या घरांतली मुलं पुढे आपापसात जास्त समजुतीने बोलू लागली, आणि समोरच्याची बाजूही त्यांना जास्त कळू लागली. आपल्या घरात हे असं करा. आधी दोघांना वेगवेगळं बसवा, श्वास जाग्यावर येऊ द्या. मग नियम सांगा: एक बोलेल, दुसरा तोडणार नाही, शिव्या नाहीत. तिने सांगितलं की त्याला विचारा, "ताई काय म्हणाली ते सांग." त्याला सांगता येत नसेल तर तिला परत सांगू द्या. मग उलटं. इथेच निम्मं भांडण निवतं, कारण समोरच्याच्या तोंडून आपली बाजू ऐकायला मिळते. शेवटी, "आता काय करायचं, तुम्ही सांगा." त्यांनी सुचवलेला तोडगा तुम्हाला चमत्कारिक वाटला तरी दोघांना पटला असेल तर मान्य करा. एका घरात दोन भावांनी ठरवलं होतं की खिडकीजवळची जागा पाऊस असेल तेव्हा मोठ्याची आणि नसेल तेव्हा धाकट्याची. मला वाटलं जूनमध्ये मोडेल. नाही मोडलं.

दमून आलेल्या आईला रोज प्रत्येक भांडणाला हे जमणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा केलंत तरी पुष्कळ. बाकीच्या वेळी, रक्त नाही आणि हातात काही धोक्याचं नाही, तर दुर्लक्ष करा. "तू मोठां मा, दी तेका" (तू मोठी ना, दे त्याला) हे मात्र घरातून पूर्ण बंद. हे वाक्य ऐकून मोठीला वाटतं मोठं होणं ही शिक्षा आहे आणि धाकट्याला वाटतं रडणं हे हत्यार आहे.

एरवीच्या बोलण्यातही एक सवय लावून घ्या. केंब्रिजमध्ये ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबांत दुसरं बाळ येण्याआधीपासून मोठ्या मुलांचं निरीक्षण केलं. ज्या घरांत आई मोठ्याशी बाळाच्या मनाबद्दल बोलायची, ते का रडत असेल, त्याला काय हवं असेल, तिथली मोठी मुलं पुढे बाळाशी जास्त आपुलकीने वागली. तुमचा बाळ आता सहा वर्षांचा आहे, तरी चालतं. चूल फुंकताना सहज म्हणा, "आज बाबांचा फोन लागला नाही, तो गप्प आहे बघ, तुला काय वाटतं?" आणि त्याला, "ताईचा उद्या पेपर आहे, तिच्या पोटात गोळा आला असेल." ह्याला पैसे नाहीत, वेगळा वेळही नाही.

आता तो घराबाहेर काढण्याचा प्रश्न. सहा वर्षांच्या मुलाला घर कोणाच्या नावावर असतं हे शाळेत शिकवत नाहीत. "घर माझां" हे त्याने तुमच्याच घरात ऐकलंय, बहुतेक रात्री, तो झोपलाय असं समजून तुम्ही दोघं किंवा फोनवर त्याचे बाबा बोलत असताना. पडवी कोणाची, भिंत कोणी घातली, सातबाऱ्यावर कोणाचं नाव आधी, आत्यांची सही कधी घ्यायची. कोकणात हे बोलणं नसलेलं घर दाखवा आणि बक्षीस मिळवा. मुलं त्यातला कायदा ऐकत नाहीत. त्यांना एवढंच कळतं की मोठं झालं की भाऊ भावाला बाहेर काढतो. तुमच्या मुलाने बहिणीवर तेच करून बघितलं.

वाद मिटवा, असं सांगायचा मला अधिकार नाही. तुमच्या यजमानांची बाजू खरी असेलही. तलाठी, तहसील, कोर्ट, जिथे जायचं तिथे तो वाद जाऊ दे. मुलांसमोर काय बोलायचं एवढंच तुमच्या हातात आहे. वाटणीचं बोलणं मुलं शाळेत असताना किंवा घराबाहेर. "काका वाईट" हे वाक्य नाही, त्याऐवजी "काका आणि बाबांचं एका गोष्टीवर पटत नाहीये, ते मोठ्यांचं आहे." आणि सासूबाईंना कामाला लावा. दोन्ही मुलगे त्यांचेच, ह्या भांडणात सगळ्यात जास्त त्याच होरपळत असणार. त्यांना म्हणा, बाबा आणि काका लहानपणी काय करायचे ते पोरांना सांगा. रापणीचं जाळं ओढायला दोघं कसे पळायचे आणि वाट्याला आलेले चार मासे माडाच्या एकाच चुडतात ओवून कसे आणायचे, कोण कोणाला चिखलात ढकलायचा, कोण कोणासाठी मार खायचा. मुलांना कळू दे की ज्यांचं आज पटत नाही ते एकेकाळी एका पांघरुणात झोपत होते. आजीच्या तोंडून त्यातली काही वाक्यं तुमच्या नवऱ्याच्या कानावर गेली तर तेही वाईट नाही, पण त्यासाठी म्हणून करू नका.

चुलत भावंडांची ये-जा थांबवू नका. मोठ्यांचा अबोला मुलांना लागू नाही, हे दोन्ही घरांत कोणीतरी आधी म्हणायला हवं, तर तुम्हीच म्हणा. चतुर्थीच्या आधी गणपतीवरच्या माटवीला बांधायची कवंडळं, कांगले, तेरडा आणायला सगळी पोरं एकत्रच रानात जाऊ देत. दिवाळीत चावदिवसाला (नरकचतुर्दशीला) पोह्यांचं ताट घेऊन तुमची दोघं काकांच्या दारात जाऊ देत, तिने ताट धरायचं, त्याने हाक मारायची. तिकडून कोणी दार उघडलं नाही तर ताट परत आणायचं, आणि "असू दे, पुढच्या वर्षी" एवढंच म्हणायचं.

त्याच्या त्या वाक्याला मात्र उत्तर द्या, हसण्यावारी नेऊ नका. दोघांना जवळ घेऊन सांगा, हे घर तुमच्या दोघांचं आहे. ही नुसती समजूत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिलाय, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो पक्का केला. सासूबाईंच्या तोंडी "ती काय, परक्याच्या घरची" असं येत असेल तर तिथेच हळूच थांबवा, पोरासमोर.

यजमानांसाठी दोन ओळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, म्हणजे पावसाळ्यात ते घरी. इतके दिवस बाहेर असलेला बाप येतो आणि लाडाने धाकट्याला मांडीवर घेतो, पोरगी दाराआडून बघते. त्यांना सांगा, दोघांना वेगवेगळा वेळ द्या. पोरीला घेऊन एकदा रात्री बॅटरी घेऊन शेतात कुर्ल्या धरायला जा, फक्त तिला. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन खाडीवर गळ टाका, फक्त त्याला. बापाचा वेळ मिळालेली मुलं एकमेकांचा हेवा कमी करतात. आणि बापाने घरी आल्या आल्या न्यायाधीश होऊ नये. तुम्ही बसवलेल्या तारखा, वाटे, पेटीचा नियम, सगळं त्यांनाही लागू.

काही गोष्टी भांडणात मोडत नाहीत. मारणारा नेहमी एकच आणि मार खाणारा नेहमी एकच असेल, एकाला दुसऱ्याबरोबर एकटं राहायची भीती वाटत असेल, गादी ओली होणं पुन्हा सुरू झालं असेल, वस्तूने किंवा गळा धरून मारणं होत असेल, किंवा नको तिथे हात लावल्याचं कळलं असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका, मदत घ्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. मुलाच्या जिवाला धोका वाटला तर चाइल्डलाइनचा १०९८. तुमच्या लिहिण्यात असं काही दिसलं नाही, पण विचारून घेतलेलं बरं.

राहता राहिलं शिबिर, टॅब आणि फिरणं. हप्त्यावर टॅब घेऊ नका. हंगामात दोघांनी मिळून काजूच्या बिया वेचल्या तर त्या विकून आलेले पैसे एका डब्यात टाका. बिया आपल्याच बागेतल्या किंवा विचारून, नाहीतर भांडण गडग्यापलीकडे जाईल. डब्यात काय जमलं ते दोघांनी मोजायचं, काय घ्यायचं ते दोघांनी ठरवायचं, तुम्ही नकार फक्त धोक्याच्या वस्तूला द्यायचा. ठरायला महिना लागला तरी घाई करू नका, ते ठरवणंच कामाचं आहे.

फिरायला जवळ जा. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना आधीपासूनच अर्धं. म्हणजे तुम्ही तिघं मिळून दीड तिकिटात शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर जाऊन येता. घरून भाकरी आणि सुकटीची चटणी न्या. तिकिटाचे पैसे तिच्याकडे द्या, कंडक्टरशी तिलाच बोलू दे, तिकिटं सांभाळायचं काम त्याच्याकडे. खिडकीजवळची जागा जाताना एकाची, येताना दुसऱ्याची, आणि हे घरातून निघायच्या आधी ठरवा, स्टँडवर नको.